तीनदा नको

गल्लीच्या मासिक सभेत माझ्या नवऱ्याने माझ्या उद्योगाचं वर्णन "हिचा विरंगुळा" असं केलं. त्यात वाईट हेतू नव्हता. वाईट हेतू बाळगायला जी चिकाटी लागते ती हार्जितोंकडे नाही. कोणीतरी विचारलं, तुमच्या घरातून रोज सकाळी शेंगदाणे भाजल्याचा वास येतो, काय चाललंय? त्यावर ते हसून म्हणाले, "काही नाही हो, शाळा सुटली, आता हिला काहीतरी विरंगुळा हवा." सगळे हसले. मीही हसले, कारण आमच्या मादियुन गावात चारचौघांत न हसणं म्हणजे भांडण काढणं.

मी मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत असे. निवृत्त झाल्यावर पेचेलच्या वड्या करू लागले. पेचेल म्हणजे उकडलेली पालेभाजी आणि तिच्यावर शेंगदाण्याची तिखट-गोड चटणी. आमच्या गावात ते सकाळी खातात, दुपारी खातात, आणि परगावी गेलं की त्याच्या आठवणीने रडतात. या रडणाऱ्यांसाठी चटणीची वडी असते. गरम पाणी घालायचं, ढवळायचं, चटणी तयार. शेंगदाणे, मिरची, माडाचा गूळ, चिंच, कचोरा आणि लिंबाची पानं, एवढंच तिच्यात असतं. फरक असतो तो पाण्याच्या अंशात. माझी वडी सहा महिने टिकते असं मी मोजून सांगते. बाकीच्या बायका तेच देवावर भरवसा ठेवून सांगतात.

तर अशा वडीला विरंगुळा म्हटल्याचं मला लागलं. पण बोलून दाखवण्याचा आमच्याकडे रिवाज नाही, आणि माझा स्वभावही नाही. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टेशनसमोरच्या भेटवस्तूंच्या दुकानात गेले.

दुकान बू लियानावातींचं; आमच्याकडे मोठ्या बाईच्या नावाआधी बू लावतात. गावाबाहेरचा माणूस परत जाताना काय घेऊन जाईल हे त्या त्याच्या बॅगेकडे बघून सांगतात. त्यांनी माझ्या वडीचा एक तुकडा मोडला, जिभेवर ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाल्या की चव उत्तम आहे, पण पाकिटावर सरकारी नंबर नसेल तर त्यांच्या दृष्टीने ती वडी नाही, माती आहे. नंबर आणला तर झिंग्याच्या पापडांखालचं फळकूट माझं. पण उपवासाचा महिना सुरू व्हायच्या आत. ईदला सगळा देश आपापल्या गावी येतो आणि परत जाताना स्टेशनसमोर थांबतो. तोपर्यंत नंबर आला नाही, तर त्या फळकुटावर केळ्याचे वेफर्स बसतील, आणि एकदा बसलेले वेफर्स उठत नाहीत.

मला ते फळकूट हवं होतं. पैशांसाठीही हवं होतं, नाही म्हणत नाही. पण विरंगुळ्याला कोणी स्टेशनसमोर फळकूट देत नाही, हे जास्त महत्त्वाचं होतं.

नंबर मिळतो स्वयंपाकघराच्या तपासणीनंतर. आणि माझ्यासारख्या बायकांना ती तपासणी फुकटात, शिवाय लवकर करून देण्यासाठी जिल्ह्याने एक महिला उद्योजिका आधार केंद्र काढलं होतं. कोणतीही महिला, कोणताही छोटा उद्योग, अर्ज करा. मी अर्ज केला. आधार मिळायला सुरुवात झाली.

पहिला आधार म्हणजे प्रशिक्षण. केंद्रातर्फे देस्ती नावाची मुलगी आमच्यावर नेमली होती. उत्साही, गोड, आणि एका क्षणासाठीही शांतता सहन न होणारी. प्रत्येक गटाने आपली घोषणा तयार करायची, हातवाऱ्यांसकट, असा तिचा आग्रह होता. मी एकटीच आले होते म्हणून मला टेम्पेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, काप करणाऱ्या दोन बहिणींच्या गटात टाकलं. त्या बहिणींनी आधीच घोषणा रचली होती. एकीने "कोण आम्ही?" म्हणायचं, बाकीच्यांनी मूठ वर करून "समर्थ! हसऱ्या! हो हो हो!" साठी ओलांडलेल्या बाईने मूठ वर करून तीनदा हो म्हणणं यात शास्त्रीयदृष्ट्या गैर काही नाही. पण नेमक्या तिसऱ्या हो-ला फोटो काढणारी मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. फोटो केंद्राच्या भिंतीवर लागला. माझं तोंड त्यात असं उघडलेलं आहे की दंतवैद्याला उपयोग व्हावा.

मग गणवेश आला. गुलाबी. गुलाबी रंगाच्या इतक्या छटा असताना त्यांनी खोकल्याच्या औषधाची निवडली होती.

न्यायाने हेही सांगायला हवं की प्रशिक्षण चांगलं होतं. पाकिटातली हवा कशी काढायची, वडीच्या कडा का पांढऱ्या पडतात, लेबलावर काय छापायचं आणि काय बोलायला ठेवायचं, हे सगळं देस्तीने मन लावून शिकवलं. वायूंचे नियम मी जन्मभर फळ्यावर लिहिले. त्यांचा उपयोग शेंगदाण्याला खवट होऊ न देण्यासाठी होतो, हे त्या मुलीने मला दाखवलं. त्या बदल्यात मी हो हो हो म्हटलं. सौदा महाग नव्हता.

तपासणीचे नियम मात्र कडक होते. वड्या करण्याची खोली घरच्या स्वयंपाकापासून वेगळी हवी. तिथे दुसरं काही शिजता कामा नये. काम करणाऱ्यांखेरीज कोणी आत जाऊ नये. आणि प्राणी-पक्षी तर नकोतच.

आमच्या घरात वेगळी खोली म्हणजे गॅरेज. गाडी आम्ही कधीच घेतली नाही. त्या गॅरेजमध्ये हार्जितोंची कवडा जातीची पाखरं होती. आमच्याकडचे निवृत्त पुरुष पाखरांचं घुमणं ऐकतात, त्याच्या स्पर्धा असतात, परीक्षक असतात, आणि ताणून घुमणाऱ्या पाखराची किंमत मोटारसायकलीएवढी होते. हार्जितोंच्या मुख्य पाखराला एकदा उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं होतं. उत्तेजन पाखराला मिळालं की ह्यांना, हे मी विचारलं नाही.

पाखरं हलवावी लागतील असं मी म्हटलं, तेव्हा त्यांनी एका पिंजऱ्यातली पाण्याची वाटी भरली. मग म्हणाले, "सरकार म्हणतंय?"

"सरकार म्हणतंय."

"मग काय." आणि ते पिंजऱ्यांवरची कापडं घडी करू लागले.

पाखरं कुठे न्यावीत यावर शेजाऱ्यांची मतं आली. एक म्हणाले, आंब्याला टांगा, पण मांजर आहे. दुसरे म्हणाले, माझ्या न्हाणीत ठेवा, आवाज घुमेल. शेवटी गल्लीप्रमुखांच्या बायकोने, बू सुमार्नींनी, आपली ओसरी देऊ केली. पाखरं गेली, मी गॅरेजला पांढऱ्या फरशा लावल्या, नळ घेतला, भिंती धुतल्या, आणि पहिल्यांदा त्या खोलीत उभी राहिले तेव्हा मला प्रयोगशाळेत आल्यासारखं वाटलं. ओट्यावर बोट फिरवलं तर बोट स्वच्छ.

पण ओसरीवर गेल्यापासून मुख्य पाखरू घुमेना. हार्जितो त्याची समजूत काढायला रोज सकाळी तिथे खुर्ची टाकून बसू लागले. आता ओसरीवर माणूस बसला म्हटल्यावर बू सुमार्नींना त्याला चहा देणं भाग होतं, आणि चहा घेतला म्हटल्यावर ह्यांना काहीतरी बोलणं भाग होतं. पाखरू गप्प होतं, त्यामुळे बोलायचं सगळं काम ह्यांच्यावर पडलं. अशा रीतीने आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट गल्लीप्रमुखांच्या ओसरीवर पोचत राहिली. केंद्राला म्हणे बायकांना रोजगार देणारे उद्योग फार आवडतात, हेही पोचलं. आणि मग, गुरुवारी आमच्याकडे सरकारी पाहुणे येणार आहेत, हे.

बू सुमार्नी त्याच संध्याकाळी आल्या. बसल्या, पाणी प्यायल्या, हवेबद्दल बोलल्या आणि मग सहज विचारावं तसं विचारलं की पाहुणे किती. मी सांगितलं, एक तपासनीस आणि देस्ती. मग स्वयंपाकाला कोण कोण, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की स्वयंपाकच नाही. त्या जेवायला येत नाहीत, खोली बघायला येतात. कोणी येण्याची गरज नाही. बू सुमार्नी मान डोलावून हसल्या. फार समजूतदार हसल्या.

दुसऱ्या दिवशी बू पाइनाह आल्या. आमच्या गल्लीत लग्न असो, बारसं असो, की कोणी गेलेलं असो, घरी कार्य निघालं की आजूबाजूच्या सगळ्या बायका आपापल्या सुऱ्या घेऊन मदतीला येतात. याला रेवांग म्हणतात. बोलावणं लागत नाही, मजुरी नसते, आणि जी येत नाही तिच्याकडे पुढे कोणी जात नाही. या फौजेच्या सेनापती बू पाइनाह. सत्तरीच्या, बुटक्या, खांद्यात जोर असलेल्या. भाताचं मोठं पातेलं कोणाकडून आणायचं आणि नारळ कोणी खवायचे हे त्या ठरवतात, आणि गल्लीप्रमुखसुद्धा त्यांच्यापुढे ताट घेऊन रांगेत उभे राहतात.

त्यांनी दारातूनच विचारलं, "लास्मी, मोठी कढई तुझी घ्यायची की माझी आणू?"

मी म्हटलं, कोणतीच नको. काही करायचं नाहीये. तुम्ही उगाच त्रास घेऊ नका.

"बरं," असं म्हणून त्या गेल्या. जाताना त्यांनी माझ्या परसातल्या केळीच्या पानांवरून नजर फिरवली. ती मोजणारी नजर होती, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

मला जरा शंका आली म्हणून मी गल्लीच्या फोन-गटावर संदेश लिहिला. तो मी तीनदा वाचून पाठवला. "गुरुवारी आमच्या घरी कार्यालयीन तपासणी आहे. कृपया कोणीही मदतीला येऊ नये. कोणालाही त्रास द्यायचा नाही." लगेच जोडलेले हात आले, फुलं आली. "समजलं, बू." "कळलं, बू लास्मी." "देव तुमचं काम सुरळीत करो." मी फोन ठेवला आणि शांत झोपले.

इथे मला थोडं थांबून सांगायला हवं. मी याच गावात जन्मले. माझ्या आईने कधी कोणाला "या" म्हटल्याचं मला आठवत नाही, आणि आमचं घर कधी रिकामं नव्हतं. आमच्याकडे यजमानीण एकदा नको म्हणाली तर ती सभ्य. दोनदा म्हणाली तर चांगल्या घरातली. आणि तीनदा म्हणाली, तेही लेखी, तर कार्य मोठं आहे आणि बिचारीला हात कमी पडतायत. हे आमच्या शेंबड्या पोरांनाही कळतं. मला कळलं नाही, कारण त्या आठवड्यात मी डोक्याने प्रयोगशाळेत होते. प्रयोगवहीत नाही म्हणजे नाही.

गुरुवारी पहाटे मला बांबू ठोकल्याच्या आवाजाने जाग आली.

दारात मांडव चढत होता. गल्लीतले पुरुष आपण होऊन खुर्च्या मांडत होते. दिव्यांच्या माळा आणल्या होत्या. एकाने ध्वनिवर्धक लावून बासरीची धून सोडली होती. हार्जितो बाटिकचा ठेवणीतला शर्ट घालून मांडवाच्या तोंडाशी उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत घेत होते. इतके आनंदात मी त्यांना पाखराच्या बक्षिसानंतर पाहिलं नव्हतं.

मी आत धावले. स्वयंपाकघर बायकांनी भरलेलं होतं. तिथे मावेनात म्हणून उरलेल्या माझ्या गॅरेजमध्ये शिरल्या होत्या, कारण तिथे पांढऱ्या फरशा होत्या, नवा नळ होता आणि बसायला ऐसपैस जागा होती. धुतलेल्या ओट्यावर कोंबड्यांची पिसं काढणं चाललं होतं. एका कोपऱ्यात कांदे सोलणाऱ्या पाय पसरून बसल्या होत्या. नारळाचा कीस उडत होता. माझ्या सीलबंद वड्यांच्या फळीवर, खालच्या कप्प्यात, कोणाचं तरी तान्हं बाळ झोपवलेलं होतं. ते वारा लागू नये म्हणून व्यवस्थित पाकिटांच्या मध्ये बसवलं होतं.

मी म्हटलं, "अहो, ही खोली..."

"किती छान केलीस गं," एकीने मनापासून म्हटलं. "अशी खोली गल्लीत पाहिजेच होती."

मी कोंबडीकडे हात केला. बू पाइनाहनी तो हात धरला आणि मला बाहेर नेलं. यजमानिणीने कार्याच्या दिवशी कामाला हात लावायचा नसतो, त्याने मदतीला आलेल्यांचा अपमान होतो. त्यांनी मला मांडवात पुढच्या रांगेत बसवलं. कोणीतरी माझ्या तोंडाला पावडर लावली. मी केसांवर तपासणीची टोपी घातली होती; ती नवीन प्रकारची वेशभूषा समजून दोघींनी तिचं कौतुक केलं.

अशा अवस्थेत तपासनीस बू क्रिस्तांती आल्या. सडपातळ, चष्मा, हातात तापमापक आणि पाठीमागे खोकल्याच्या औषधात देस्ती. मांडव बघून बू क्रिस्तांतींनी पत्ता तपासला. मग माझ्याकडे पाहिलं. मी खुर्चीतून उठले. त्या म्हणाल्या, "कोणाचं लग्न आहे?"

उत्तर द्यायला मला वेळ मिळाला नाही. बू सुमार्नी पुढे झाल्या आणि पाहुण्यांना गॅरेज दाखवायला घेऊन गेल्या. मी मागून गेले. बू क्रिस्तांती दारात थांबल्या. आत सगळ्या एकदम उठून हसल्या, ओले हात कपड्यांना पुसले आणि सुऱ्या खाली ठेवल्या. शिष्टाचारात कुठे कमी नव्हती. तापमापक हातात तसाच राहिला. तपासनीसांनी ओट्याकडे, पिसांकडे, बाळाकडे आणि पुन्हा ओट्याकडे पाहिलं.

"या सगळ्या कोण?"

इथे बू सुमार्नींना ओसरीवर ऐकलेलं आठवलं. केंद्राला रोजगार देणारे उद्योग आवडतात. त्यांना माझं भलं करायचं होतं, यात मला आजही शंका नाही.

"आम्ही सगळ्या इथेच काम करतो," त्या म्हणाल्या.

"सगळ्या?"

"सगळ्या," बायका म्हणाल्या. एकीने गेली कित्येक वर्षं म्हटलं. फरशांचा चुना अजून वाळायचा होता.

बू क्रिस्तांतींनी मोजायला सुरुवात केली. मोजताना कोणी मध्ये आत येत होतं, कोणी बाहेर जात होतं, म्हणून त्यांनी दोनदा मोजलं. मग मजुरी किती मिळते असं विचारलं. यावर मात्र सगळ्यांना खरोखर लाज वाटली.

"छे हो," बू पाइनाह म्हणाल्या. "पैसे कसले घ्यायचे? लास्मी काय परकी आहे?"

तपासनीसांचं पेन थांबलं. मग त्या मला बाजूला घेऊन हळू आवाजात, अतिशय नम्रपणे बोलल्या. इतके कामगार असलेला उद्योग घरगुती धरता येत नाही. त्याला घरगुती नंबर मिळत नाही. त्याचं कार्यालय वेगळं, इमारत वेगळी, आणि त्याला गॅरेज चालत नाही. आधार केंद्राची सवलतही त्याला लागू नाही. शिवाय बिनपगारी कामगार हा विषय तिसऱ्याच कार्यालयाचा आहे, आणि त्या कार्यालयाला कळवणं हे आपलं कर्तव्य आहे.

देस्तीचं तोंड गणवेशापेक्षा फिकट झालं होतं. ती माझ्या कानाशी म्हणाली, "बू, तुम्ही मध्यम उद्योग झालात."

एका सकाळीत मी विरंगुळ्यापासून मध्यम उद्योगापर्यंत पोचले होते आणि मधला मुक्काम, जो मला हवा होता, तो चुकला होता. मला बू लियानावातींचं फळकूट दिसलं. त्याच्यावर केळ्याचे वेफर्स बसत होते.

एवढ्यात बू पाइनाह ताट घेऊन आल्या. भात, भाजी, तळलेली कोंबडी, आणि हो, पेचेल. बू क्रिस्तांतींनी हात जोडून सांगितलं की तपासणीच्या ठिकाणी त्यांना पाणीसुद्धा घेता येत नाही. बू पाइनाह हसल्या आणि ताट आणखी पुढे केलं. तपासनीसांनी पुन्हा नको म्हटलं. ताट आणखी पुढे आलं. मी ते ताट बघत होते. तिसऱ्या नको-ला बू पाइनाहनी त्यांच्या हातात चमचा दिला, तेव्हा गेल्या आठवड्यात माझं काय झालं ते मला लख्ख कळलं.

काय बोलायला हवं हेही कळलं. ते बोलण्याची किंमतही मला माहीत होती. माझ्या मुलीचं लग्न याच बायकांनी उभं केलं. माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मला चूल पेटवावी लागली नाही. रेवांगला आलेल्या बायकांना परत पाठवलेलं आमच्या गल्लीत कोणी ऐकलेलं नाही.

मी वर्गात बोलायची तशी बोलले. मोठ्याने नाही, पण मागच्या बाकापर्यंत पोचेल असं.

"या माझ्या कामगार नाहीत. या माझ्या शेजारणी आहेत. या खोलीत मी एकटी काम करते, आणि आज इथे कोणी येऊ नये असं मला खरंच वाटत होतं. मी नको म्हटलं होतं ते नको असंच म्हटलं होतं."

बासरीची धून चालू होती. कढईतलं तेल चुरचुरत होतं.

"खरंच म्हणजे?" बू सुमार्नींनी विचारलं.

"खरंच."

बू पाइनाहनी ताट खाली ठेवलं. "मग आधी सांगायचं की."

"सांगितलं होतं. तीनदा."

"तसं नाही," त्या म्हणाल्या. "असं."

बू क्रिस्तांती माझ्याकडे बघत होत्या.

"तीनदा म्हणालात?"

"तीनदा. तिसऱ्यांदा लिहून."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्याही इथल्याच. "मग येणारच," त्या म्हणाल्या. त्यांनी कागदावर एक रेघ मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की घरात कार्य चालू असताना तपासणी करता येत नाही, असा नियम आहे. त्यामुळे आज तपासणी झालेली नाही. पुन्हा येईन, न कळवता. मी नंतर सगळी नियमावली वाचली. असा नियम तिच्यात नाही.

बायकांनी आवरलं. रागावून नाही; जेवण डब्यांत भरलं, ओटा धुतला, बाळ उचललं, पिसं गोळा केली. माझ्या खोलीची अशी सफाई मलाही जमली नसती. मांडव दुपारी उतरला. हार्जितोंनी ठेवणीतला शर्ट काढला आणि विचारलं, "आता काय?" मी म्हटलं, माहीत नाही.

त्यानंतर गल्ली माझ्याशी फार आदराने वागू लागली. लास्मी म्हणून हाक मारणाऱ्या बायका मला "आपण" म्हणू लागल्या. "आपण बाजारात निघालात का?" "आपली तब्येत बरी ना?" आमच्या भाषेत इतक्या उंचावरून बोललं की समोरच्याला थंडी वाजते. बू सुमार्नी ओसरीवर ह्यांना चहा देत राहिल्या, पण बिस्किटं बंद झाली. पाखरू मात्र घुमायला लागलं. त्याला बहुतेक वातावरण आवडलं.

बू क्रिस्तांती सोमवारी आल्या, कोणाला न कळवता. मी टोपी घालून वड्या पाकिटात भरत होते. त्यांनी सगळं बघितलं. खिडकीची जाळी बोटाने ढकलून पाहिली, नळाचं पाणी तपासलं, भाजलेल्या शेंगदाण्यांचं तापमान घेतलं, माझी नखं बघितली. बोलल्या फारसं नाहीत. जाताना दारात थांबून म्हणाल्या की स्वच्छ खोली आहे, आणि बाहेर बघून आवाज खाली आणला: "कोंबडी फार छान दिसत होती हो त्या दिवशी."

नंबर देस्तीच्या फोनवर आधी आला. तिने मला फोन करून तो वाचून दाखवला आणि पुढे हो हो हो असंही म्हणाली. मीही म्हटलं. घरात कोणी नव्हतं.

उपवासाचा महिना सुरू व्हायला थोडेच दिवस होते. मी नंबर छापलेली पाकिटं घेऊन स्टेशनसमोर गेले. बू लियानावातींनी चष्मा वर करून नंबर वाचला, तुकडा मोडलासुद्धा नाही, आणि मागणी सांगितली. ती ऐकून मी रस्त्यावर आले आणि मनात हिशेब केला. दिवसरात्र केलं तरी मला एकटीला एवढं जमणार नव्हतं. जमवलं नाही, तर फळकूट ईदपर्यंतही टिकणार नव्हतं. मला हात हवे होते. आणि ज्या गल्लीत मागितल्याशिवाय हात मिळतात, त्या गल्लीला मी चारचौघांत परत पाठवलं होतं.

मी बू पाइनाहकडे गेले. त्या पायरीवर बसून पालेभाजी निवडत होत्या. मी उभी राहिले. त्यांनी मला बस म्हटलं नाही, बसावं असंही म्हटलं नाही. आता हवेबद्दल बोलण्यात अर्थ नव्हता.

"मला मदत हवी आहे," मी म्हटलं.

"मदत?" त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "मदत लग्नाला. बारशाला. कोणी गेलं तर. हा तुझा धंदा आहे. तूच म्हणालीस, चारचौघांत, पेपरात छापून आल्यासारखं." त्यांनी दुसरं पान टाकलं. "धंद्याला मदत नसते. धंद्याला मजुरी असते. किती देशील?"

"आपण" गेलं होतं, "तू" आलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. त्या वेळी मी फक्त आकडा सांगितला.

"तेवढं पापडवाला देतो. आणि तो टोपी घाल म्हणत नाही."

मी आकडा वाढवला. त्यांनी भाजीची जुडी बांधली. चहा दोनदा, असं त्या म्हणाल्या. मी कबूल केलं. साखर त्यांच्या हाताने. ते कबूल करायला मी जरा वेळ घेतला, कारण त्यांची साखर मी पाहिली आहे. शेवटी तेही केलं. नखं कापायला त्या तयार नव्हत्या. त्यावरून मी हटले नाही, आणि त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदाच जरा नीट पाहिलं. टोपीचे पैसे मी द्यायचे ठरलं. दुसऱ्या दिवशी सातला त्या आल्या, सोबत सून आणि बू सुमार्नींची बहीण. तिघींची नखं कापलेली होती.

दर काय आहे ते संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, बहुधा ओसरीवरून. त्यानंतरच्या दिवशी आणखी दोघी दारात उभ्या राहिल्या, टोप्या स्वतःच्या घेऊन. घरगुती नंबराला चारच जणी चालतात, आणि माझ्या ओट्याशीही तेवढ्याच मावतात. मी त्यांना सांगितलं की सध्या जागा नाही, नको.

एकदाच सांगितलं. त्या आल्या नाहीत.